बोटीवरचा बेकरीवाला

"माझ्या पोटात गेलेली गोष्ट माझ्याबरोबरच मातीत जाईल," आमच्या चर्चच्या जेल कमिटीच्या पहिल्या मीटिंगला डॉक्टरांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. "कैदी आपल्यापाशी मन मोकळं करतील ते भरवशावर. आपल्या तोंडाला कुलूप हवं."

डॉक्टर दातांचे. आमच्या मंडळीतल्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी त्यांच्या खुर्चीत आ केलेला, त्यामुळे कुलपाचं महत्त्व सगळ्यांना पटलं. मग चहा आला. पहिला घोट घेता घेता डॉक्टर सहज बोलून गेले की पाळकसाहेबांची खालची कवळी हल्ली ढिली झालीय. उपदेश करता करता ते मधेच थांबतात ते काही भारावून नव्हे, कवळी जिभेने जागेवर ढकलायला थांबतात. पाळकसाहेब समोरच बिस्किट खात होते. त्यांनी ते तसंच बशीत ठेवलं आणि मीटिंग संपेपर्यंत तोंड उघडलं नाही.

डॉक्टरांच्या मनात वाईट काही नसायचं, हे मात्र कबूल करायला हवं. त्यांना चुगली करता येत नव्हती. त्यांना फक्त काळजी वाटायची, आणि काळजी त्यांना हातात धरवायची नाही. गरम पातेलं हातात आलं की माणूस जवळच्या कुणाच्या तरी हातात देतो, तशी ते ती पुढे द्यायचे.

कमिटीत तिघं. डॉक्टर, त्यांची बायको, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या वहिनी, आणि क्लच. वहिनी बॅटरीवर चालणारा कीबोर्ड वाजवायच्या. क्लचचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. आयुष्यभर लोकांना "क्लच हळू सोडा, क्लच हळू" सांगून सांगून त्याला तेच नाव पडलेलं. कमिटीवर त्याला घेतला तो त्याच्या गाडीसाठी. ती शिकवणीची गाडी, त्यामुळे ब्रेक दोन. एक चालवणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्याच्या. टपावर 'शिकाऊ' अशी पाटी. दर रविवारी दुपारी हे तिघं पाटीसकट जेलच्या फाटकाशी उतरायचे. कितीतरी महिने फाटकावरचा गार्ड समजत होता की डॉक्टर गाडी शिकतायत आणि त्यांना काही केल्या जमत नाहीये.

उपासना व्हायची जेलच्या सुतारखान्यात. कैदी तिथे सरकारी ऑफिसांसाठी खुर्च्या बनवायचे, आणि रविवारी त्याच खुर्च्यांवर बसायचे. काही खुर्च्यांना चौथा पाय सोमवारी लागणार असायचा. त्यामुळे प्रार्थनेला डोळे मिटले की कुणीतरी धाडकन कलंडायचं आणि डॉक्टर डोळे न उघडता आवाज चढवायचे.

सगळ्यात मागे, भिंतीला टेकून एक माणूस बसायचा. कोपरापर्यंत पीठ, भुवयाही पांढऱ्या. जेलच्या बेकरीचा तो मुख्य. प्रभुभोजनाची भाकर त्याच्याच भट्टीतून यायची. बाहेर असतानाही तो बेकरीवालाच होता. धाकट्या भावाबरोबर धंदा होता. एका पहाटे कणीक नीट फुगली नाही एवढ्यावरून दोघांची जुंपली, आणि भट्टीतून पाव काढायचा लांब दांडा ह्याच्या हातात होता. त्याने तो एकदाच उगारला. त्या दिवशीचे पाव जळून कोळसा झाले आणि भाऊ पिठाच्या पोत्यांवर पडून राहिला. बायकोने त्या धक्क्यात हाय खाल्ली, ती वर्षभरात गेली. पाठीमागे राहिली एक चालायला शिकलेली पोर. तिला मावशीने वाढवली.

जेलमध्ये त्याला सगळे कप्तान म्हणायचे. त्याची गंमत अशी होती.

पोर मोठी झाली, विचारायला लागली, तशी मावशीने सांगून टाकलं की तुझे बाबा मोठ्या बोटीवर पाव भाजायच्या कामाला आहेत. बोट फार लांब जाते, म्हणून येता येत नाही. एकदा सांगितल्यावर मागे फिरता येईना. जेलमधून आठवड्याला एक फोन करायला मिळायचा. कप्तान तो बोटीवरून करायचा. त्याने जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण बराकीत एक स्मगलर होता, तो त्याला बंदरांची माहिती पुरवायचा. रांगेत मागे उभा असलेला एक म्हातारा पाकीटमार तोंडाने बोटीचा भोंगा वाजवायचा, आणि इतका हुबेहूब की एकदा जेलरसाहेब खिडकीपाशी येऊन बाहेर बघून गेले. जेवणाची घंटा झाली की ती बोटीची घंटा. वेळ संपली की फोन आपोआप कट व्हायचा, म्हणून त्याआधी कप्तान म्हणायचा, "बाळा, वादळ येतंय बघ, ठेवतो." एवढ्या वर्षांत दर आठवड्याला, ठरल्या वेळी वादळ आलं. पोर कधी शंका घेत नव्हती. उलट म्हणायची, बाबा, स्वेटर घाला.

हे सगळं त्याने डॉक्टरांना एका रविवारी उपासनेनंतर सांगितलं. खुर्च्या उचलता उचलता, खालमानेने. लेकीचं लग्न ठरलं होतं. पुलापलीकडच्या चर्चमधला मुलगा, चांगली माणसं. पॅरोलवर जाता आलं असतं, पण मागे दोन पोलीस उभे राहणार, म्हणजे बोट बुडालीच. तो जाणार नव्हता. त्याला एवढंच हवं होतं की लग्नातला केक त्याच्या हातचा असावा. जेलच्या बेकरीत बाहेरची ऑर्डर घेत. डॉक्टरांनी आपल्या नावाने ऑर्डर द्यावी आणि केक तेवढा हॉलवर पोचवावा. कुणी केला हे मावशीशिवाय कुणाला कळू नये.

"तिने खाल्ला की झालं," कप्तान म्हणाला. "बाकी मला काही नको. पण डॉक्टर, तिला कळता कामा नये हो. ती बोट आहे म्हणून मी आहे."

डॉक्टरांनी त्याचे पिठाचे हात हातात घेतले आणि कुलपाचं वाक्य पुन्हा म्हटलं. गाडीत बसेपर्यंत त्यांचे डोळे भरून आले होते. ते वहिनींच्या लक्षात आलं आणि क्लचच्याही. डॉक्टरांचे डोळे भरले की त्यांच्या तोंडचं कुलूप गंजतं, हे त्याला माहीत होतं.

बुधवारी संध्याकाळी चर्चमध्ये प्रार्थनेची सभा. तिथे पद्धत अशी की ज्याने त्याने आपापले विषय सांगायचे. कुणाचा गुडघा, कुणाची परीक्षा, कुणाची सून. मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. चर्चमध्ये गुपित फोडणं पाप, पण प्रार्थनेला विषय देणं हे कर्तव्य. डॉक्टर उठले आणि म्हणाले, मी नाव घेणार नाही. आम्ही सगळे कान टवकारून बसलो. मग त्यांनी नाव न घेता सांगितलं की जेलमध्ये एक बेकरीवाला भाऊ आहे, त्याच्या लेकीला वाटतं बाप बोटीवर आहे, शनिवारी तिचं लग्न आहे, आणि बापाने केलेला केक सुखरूप पोचावा म्हणून मंडळीने प्रार्थनेचा भार घ्यावा. आम्ही भार घेतला. पुढच्या बाकावरच्या बायका तर हुंदके देत होत्या. डॉक्टर खाली बसले तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला होता. नाव घेतलं नाही, म्हणजे गुपित शाबूत.

रात्री वहिनींनी तो विषय बायकांच्या ग्रुपवर टाकला, नाव न घेता. सकाळपर्यंत तो तीन चर्चमध्ये पोचला, नाव न घेता. वाटेत कुणी 'भावाचा खून' घातलं, कुणी 'आई नाही, मावशीने वाढवलं' घातलं. प्रत्येकाने आपल्या पदरचं काही तरी घातलं आणि दुर्दैवाने ते सगळं खरं निघालं.

गुरुवारी पुलापलीकडे, नवरदेवाच्या घरी, लग्नाआधीची छोटी प्रार्थना होती. नवरी आलेली, मावशी आलेली, शेजारपाजारच्या बायका. होणाऱ्या सासूबाईंनी चष्मा लावून फोनवरून विषय वाचले. आधी एक व्हिसा, मग एक मुतखडा, आणि शेवटी बेकरीवाल्या भावाचा. त्या सुनेकडे वळून म्हणाल्या, "बाई गं, हिचंही शनिवारीच लग्न, तुझ्यासारखंच. तूच कर हिच्यासाठी प्रार्थना."

मुलीने डोळे मिटले. मावशीने आधीच मिटले होते, आणि पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"हे प्रभू," मुलगी म्हणाली, "त्या मुलीला धीर दे. तिचे बाबा..." आणि ती थांबली.

ती थांबली ती थांबलीच. खोलीतला पंखा तेवढा फिरत होता. बायकांना वाटलं, मुलगी भारावलीय. एकीने हळूच आमेन म्हटलं, दुसरीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सासूबाईंनी डोळे पुसले आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटल्या की सून किती हळव्या मनाची मिळाली, कुण्या अनोळखी पोरीसाठी तिच्या तोंडून शब्द फुटेना.

शुक्रवारी सकाळी मावशी दवाखान्यात आली. नंबर लावून बसली, नंबर आल्यावर आत गेली, खुर्चीत बसली आणि तोंड उघडलं ते दात दाखवायला नव्हे. बाहेर बसलेल्या पेशंटांनी सगळं ऐकलं, त्यातले दोघं तर दुखणं विसरून घरी गेले. मावशी म्हणाली की वीस-बावीस वर्षं मी एक शब्द फुटू दिला नाही, आणि तुम्ही एका बुधवारी देवाचं नाव पुढे करून पोरीचा बाप बुडवलात. आदल्या रात्री पोरीने सगळं विचारलं, मावशीने सगळं सांगितलं. पोर ना रडली, ना ओरडली. फक्त बाबांचा फोन आला तेव्हा तो वाजून वाजून बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. नवरदेवाला तिने स्वतःच सांगितलं. तो बिचारा साधा. त्याने डोकं खाजवलं आणि बाबा पाव चांगले करतात का, एवढं विचारलं. लग्न होणार होतं. पण फोन तिने उचलला नाही.

डॉक्टर दात बघायचा छोटा आरसा हातात धरून उभे होते. मावशी गेल्यावर त्यांनी त्यात चुकून स्वतःचं तोंड पाहिलं आणि तो ट्रेमध्ये पालथा ठेवला.

शनिवारी केक घ्यायला तिघं जेलवर गेले. कप्तानाने तो रात्रभर जागून केला होता. तीन मजली, सुक्या मेव्याचा, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर साखरेची छोटीशी बोट. त्या आठवड्याचा फोन उचलला गेला नव्हता, पण त्याने मनाशी म्हटलं होतं की लग्नाच्या गडबडीत असेल. फाटकावर गार्ड अडून बसला. केक जेलच्या आत जात असेल तर त्यात कानस लपवलीय का बघायचं, असा नियम होता. केक बाहेर जात असेल तर काय बघायचं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. त्याने खूप विचार केला आणि खबरदारी म्हणून सळई घेऊन तिन्ही मजल्यांना भोसकली. काही निघालं नाही. त्याने सळईला लागलेला चुरा चाखला आणि म्हणाला, बरा झालाय.

केक मागच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर होता. क्लच चालवत होता, आयुष्यात पहिल्यांदा इतका हळू की सायकली पुढे जात होत्या. डॉक्टर शेजारी बसलेले. आदल्या रात्री त्यांना झोप लागली नव्हती. पुलाच्या चढावर समोरून एक कुत्रं आलं. क्लचने ते पाहिलं होतं, तो वळवणारही होता. पण डॉक्टरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक होता आणि त्यांना काळजी वाटली. त्यांनी दोन्ही पायांनी तो दाबला.

कुत्रं निघून गेलं. सगळ्यात वरचा मजला बोटीसकट डॉक्टरांच्या मानेवर येऊन आदळला.

वहिनींनी उरलेले दोन मजले मिठीत धरून ठेवले होते. त्यांच्या पदराला साखरेचं पांढरं लागलं होतं. क्लच शेवटी एवढंच म्हणाला, "डॉक्टर, तो पाय तेवढा वर घ्या. आता काही उपयोग नाही."

हॉलवर केक दोन मजलीच ठेवला. वरचा मजला एका डब्यात भरून आणला होता, फेकायला हात धजला नाही म्हणून. नवरीने केक पाहिला. तिला मावशीने सांगितलं होतं की कुणाच्या हातचा आहे. ती त्याच्यापुढे बराच वेळ उभी राहिली, फोटोवाला कंटाळला. मग कापला, एक तुकडा खाल्ला, सावकाश. मग डॉक्टरांच्या कॉलरवरची साखर तिला दिसली. काही न विचारता तिने डबा मागितला, उघडून पाहिला आणि म्हणाली, हा मी घरी नेते. साखरेच्या बोटीचं नाक मोडलं होतं. बाकी ती बोट आहे हे कळत होतं.

रविवारी डॉक्टरांनी सुतारखान्यात कप्तानापाशी जाऊन सगळं कबूल केलं. बुधवारची सभा, ग्रुप, सासूबाई, सगळं. ते त्याच्यासमोर रडले. कप्तान तीन पायांच्या खुर्चीवर तोल सावरून ऐकत होता.

"म्हणजे तिला माहीतय," तो म्हणाला.

"हो."

"केक खाल्ला?"

"खाल्ला. मी पाहिलं."

"मग काही म्हणाली?"

"तुमच्याबद्दल काही नाही," डॉक्टर म्हणाले. कप्तानाने मान हलवली, खुर्ची उचलली आणि भिंतीला लावली. डॉक्टरांनाच त्याने पाणी आणून दिलं. पुढच्या आठवड्यात फोनच्या रांगेत म्हातारा पाकीटमार सवयीने भोंगा वाजवायला लागला, तेव्हा कप्तान त्याला म्हणाला, राहू दे काका. फोन तो नुसता वाजू द्यायचा. कुणी उचलला नाहीच. असे बरेच आठवडे गेले. रांगेतली माणसं त्याच्याकडे बघायची नाहीत. स्मगलर बंदरांबद्दल बोलायचा बंद झाला.

इकडे डॉक्टर बदलले. ते गप्प झाले. बुधवारच्या सभेला ते नुसते बसून राहायचे, विषय विचारला तर मान हलवायचे. पेशंटला दात काढायचाय हेसुद्धा ते शेवटच्या क्षणापर्यंत सांगायचे नाहीत. वहिनींना सुरुवातीला बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली. पाळकसाहेबांनी मात्र नवी कवळी त्यांच्याकडूनच करून घेतली. आता चिंता नाही, म्हणाले.

आणि मग एका सकाळी ती मुलगी दवाखान्यात आली.

डॉक्टरांनी तिला लगेच ओळखलं आणि हातातला चिमटा खाली ठेवला. ती खुर्चीत बसली नाही. म्हणाली की मला बाबांना भेटायचंय, त्यासाठी काय करावं लागतं. फोनवर नको. फोन वाजला की मला भोंगा आठवतो, कुणीतरी तोंडानेच वाजवत असणार. लहानपणी मी वर्गात सगळ्यांना तो वाजवून दाखवायचे. डॉक्टर म्हणाले की परवानगी काढावी लागेल, वेळ लागेल, मी सगळं बघतो. ते लगेच म्हणाले की रविवारीच बाबांना सांगतो.

"नाही," ती म्हणाली. "त्यांना सांगू नका. आधी कळलं तर ते पुन्हा बोट घेऊन येतील. कुठल्या बंदराला होतो, काय भाजलं, सगळं तयार करून ठेवतील. मला एकदा त्यांना बोटीशिवाय बघायचंय." ती दारापर्यंत गेली आणि वळली. "काका, तुम्ही सांगणार नाही ना? तुमच्याबद्दल मला मावशीने सांगितलंय."

डॉक्टरांनी ह्या वेळी छातीवर हात ठेवला नाही, कुलपाचं वाक्यही म्हटलं नाही. नुसतं म्हणाले, "नाही सांगणार, बाळा." वहिनींनासुद्धा त्यांनी त्या रात्री सांगितलं नाही. परवानगीच्या कामात गाडी लागली म्हणून क्लचला तेवढं कळलं. जेलच्या ऑफिसात खेटे सुरू झाले. आज साहेब रजेवर, उद्या शिक्का दुसऱ्या कपाटात, परवा फोटोत कान दिसत नाहीत. जेलमध्ये कुठलंही काम लवकर होत नाही, हे डॉक्टरांच्या डोक्यात त्या दिवसांत पक्कं बसलं.

परवानगी मिळाली ती पुढच्या मंगळवारची. त्याआधीच्या रविवारी कप्तान उपासनेनंतर थांबला.

म्हणाला की जेलरसाहेब मागे लागलेत. लांब एका जेलमध्ये बेकरी सुरू करायचीय, जाणता माणूस हवाय. दरवर्षी विचारतात, दरवर्षी मी नाही म्हणतो. कारण लेक ह्या शहरात. निदान हवा तरी एक. त्याने हातावरचं वाळलेलं पीठ नखाने खरवडलं.

"तिकडे समुद्र आहे म्हणे," तो म्हणाला. "भिंतीमुळे दिसायचा नाही. पण ऐकू येतो म्हणतात."

मग कप्तानाने विचारलंच, खाली बघत. "डॉक्टर, तिच्याकडून काही आलंय का? निरोप वगैरे? नसेल तर नसेल. मला फक्त माहीत असू द्या."

डॉक्टरांचं तोंड उघडलं. कीबोर्ड गुंडाळता गुंडाळता वहिनींनी ते पाहिलं. क्लचनेही पाहिलं, आणि एकदा तरी हा माणूस बोलून टाको असं त्याला वाटलं. पण डॉक्टरांनी तोंड मिटलं. दात दाबून मिटलं, इतकं की गालावर गाठ उठली. आणि त्यांची मान आपोआप नकारार्थी हलली.

"बरं," कप्तान म्हणाला. त्याने खुर्ची भिंतीला लावली. जाताना वहिनींना म्हणाला, आजची भाकर जरा कडक झाली, माफ करा.

गाडीत क्लचने पहिला सिग्नल सुटेपर्यंत धीर धरला. मग म्हणाला, "सांगून टाकायचं होतं की."

"मी शब्द दिलाय."

"अहो, तो जाईल ना तिकडे."

"दोन दिवसांत कुठे जातोय? तिची एक परवानगी काढायला आपल्या चपला झिजल्या. बदलीला तर वर्ष लागेल. मंगळवारी ती समोर उभी राहील, मग कशाला जातोय तो."

"आणि तोवर त्याने काय समजायचं?"

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत म्हणाले, "एकदा तरी मला जमू द्या रे."

वहिनींना काय चाललंय ते कळलं नव्हतं, पण त्यांनी मागून नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. डॉक्टरांनी दोन्ही पाय ब्रेकपासून लांब, सीटखाली घेतले होते.

मंगळवारी सकाळी क्लच आणि डॉक्टर मुलीला न्यायला गेले. ती तयार होऊन दारात उभी होती, हातात डबा. केकचा वरचा मजला, जपून ठेवलेला. एक तुकडा त्यांच्याबरोबर खाईन, म्हणाली. पुलावर आल्यावर तिने विचारलं की बाबा उंच आहेत का. डॉक्टर म्हणाले, मध्यम. थोड्या वेळाने म्हणाले, भुवयांवर पीठ असतं, घाबरू नकोस.

फाटकावर तोच गार्ड होता. त्याने परवानगीचा कागद पाहिला, शिक्का पाहिला, फोटोतले कान मोजले. मग डबा उघडला. आत जाणाऱ्या केकचा नियम त्याला पाठ होता. त्याने सळई घेतली आणि केकमध्ये चारी बाजूंनी घालून पाहिली. साखरेच्या बोटीत घालताना जरा थांबला, मग तिच्यातही घातली. काही निघालं नाही. त्याने डब्यावर मंजुरीची चिठ्ठी चिकटवली आणि आत फोन लावला.

फोन ठेवून तो म्हणाला की बेकरीवाला काल सकाळीच बदली होऊन गेला. रविवारी संध्याकाळी त्याने होकार दिला आणि तिकडची एक गाडी योगायोगाने इथे आलेली होती, रिकामी परत जात होती, तीत बसवला. इतकं पटकन काम झालेलं आपण तरी पाहिलं नाही, असंही तो म्हणाला.

मुलीने ऐकून घेतलं. मग तिने डब्यासाठी हात पुढे केला. गार्डने चिठ्ठीकडे बोट दाखवलं. एकदा आत जायला मंजूर झालेली वस्तू बाहेर न्यायची तर वेगळी परवानगी लागते, आणि ती देणारे साहेब रजेवर होते. डबा फाटकावरच राहिला.